दिवसा लावलेले दिवे

डायनमो एवढा जड असेल असं मला वाटलं नव्हतं. बोल्ट गंजून ब्रॅकेटशी एकजीव झाले होते. त्यांच्यावर डिझेल आणि धुळीचा काळा, चिकट थर चढला होता. थोडं तेल सोडायचं, वाट बघायची, पाना लावायचा, पुन्हा तेल सोडायचं, असं करत सकाळ उलटली, तेव्हा कुठे तो सुटला आणि माझ्या दोन्ही हातांत आला. मी तो गोणपाटावर ठेवला. त्यातून वास आला. जळक्या वार्निशचा, जुन्या कार्बनचा आणि त्याखाली कुठेतरी कापराचा. कापराचा वास डायनमोत कसा असेल? तो माझ्या डोक्यातच असणार. पण आला खरा.

माघ महिना होता. मिरजगावच्या शिवारात ज्वारी दाण्यावर आली होती. दाजींच्या पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या आणि त्यांतून धूळ संथपणे वर चढत होती. शेडमध्ये ती जीप उभी होती. रंग मूळचा हिरवा, पण आता त्याला कुठलंच नाव देता आलं नसतं. टपाची ताडपत्री उंदरांनी कुरतडलेली. समोरचे दोन दिवे मात्र स्वच्छ. दाजी ते रोज पुसतात, असं अक्काने सांगितलं.

अक्का माझी थोरली बहीण आणि दाजी तिचे यजमान. आई आणि मी त्यांच्याच घरी राहायचो; माझं शाळेचं वय तिथेच गेलं. पुढे मी नगरला वायरमनचा ट्रेड शिकले, आता तिथेच तो शिकवते, आणि तिथल्याच सावेडीत राहते. दाजींनी मला नावाने कधी हाक मारली नाही. त्यांच्या लेखी मी तेव्हाही ‘धाकटी’ होते आणि आज केस पिकले तरी धाकटीच आहे. दाजी आता माणसं विसरतात, जेवलो की नाही ते विसरतात, स्वतःच्या लेकाचा फोन आला तर ‘कोन बोलतंय?’ म्हणतात. पण दिवाळीत मी गेले तेव्हा त्यांनी मला शेडमध्ये नेलं, बॉनेटवर हात ठेवला आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले,

“धाकटे, डायनमो मेलाय हिचा. आता आल्टरनेटर बसवतात म्हनं. तू बसवून दे.”

“कशाला दाजी? कुठे जायचंय?”

“जायचं न्हाई कुटं. पन बसवून दे.”

म्हणून मी आल्टरनेटर घेऊन आले होते. एसटीत गोणीत गुंडाळून मांडीवर ठेवला होता. रुईछत्तीशीपर्यंत शेजारच्या बाईंना तो पाण्याच्या मोटरीचा भाग वाटत होता. मीही त्यांना ‘हो’ म्हटलं. जुन्या जीपचं नाव काढलं असतं तर पुढचं सगळं सांगत बसावं लागलं असतं.

ते पुढचं सगळं म्हणजे ही जीप गावासाठी काय होती, ते.

तेव्हा मिरजगावात दुसऱ्या गाड्या नव्हत्या असं नाही. पण कुणाच्या पोटात दुखायला लागलं, बाई अडली, कुणाला पान लागलं म्हणजे साप चावला, की माणसं दाजींच्या दारात यायची. दाजी प्रश्न विचारत नसत. उठायचे, टोपी घालायचे, आणि जीप नगरच्या रस्त्याला लागायची. जाताना ती फक्त जीप असे. भीती असायची ती परतीची.

नगरहून मयत आणायचं असलं की दाजी घोगरगाव सोडताच पुढचे दोन्ही दिवे लावायचे. भर दुपारी, चांगल्या लख्ख उन्हात. ही रीत त्यांना कुणी सांगितली की त्यांनीच सुरू केली, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. गावाला मात्र ती पाठ होती. रस्त्याच्या टोकाला, तापलेल्या डांबरावरून वर उठणाऱ्या झळांमध्ये, दोन पिवळे ठिपके दिसायचे. बराच वेळ जागच्या जागी थरथरताहेत असे वाटायचे. मग मोठे व्हायला लागायचे.

आणि गावातले आवाज एकेक करून बंद पडायचे. आधी पिठाची गिरणी. तिचा पट्टा सुटल्यावर पडणारी शांतता कानांत दुखायची. मग शिंप्याचा पाय मशिनवरून उचलला जायचा. हापशावरच्या बाया डोक्यावर पदर घ्यायच्या आणि भरलेली घागर उचलायचं विसरून तशाच उभ्या राहायच्या. ज्यांचं माणूस नगरला दवाखान्यात होतं, ती घरं सगळ्यांना माहीत असायची, आणि त्या घरांकडे कुणी बघत नसे.

जीप गावात शिरायची ती डायनमोचा बारीक, ताणलेला सूर घेऊन. तो सूर मला झोपेतही ओळखू आला असता. एकेका गल्लीचं तोंड मागे पडायचं आणि त्या गल्लीतल्या घरांचा श्वास सुटायचा. मग कुठल्या तरी गल्लीशी वेग कमी व्हायचा. डायनमो हळू फिरला की वीज कमी बनवतो, हे मी पुढे पुस्तकात शिकले. तेव्हा एवढंच दिसायचं की जीप ज्या गल्लीशी वळते तिथे तिचे दिवे मंद होतात. पिवळ्याचे तांबूस, मग विझत आल्यासारखे. आणि दिवे मंद झाले की त्या गल्लीतून पहिला हंबरडा फुटायचा. जीप थांबण्याच्याही आधी.

नंतर अक्का जीप धुवायची. आडाचं पाणी, त्यात कडुलिंबाचा पाला. मागच्या पत्र्यावर बादली ओतली की पोकळ, मोठा आवाज व्हायचा. ओला पत्रा उन्हात वाळेपर्यंत मला तिकडे फिरकू देत नसत. मी ओट्यावर बसून बघायची. लिंबाच्या पाल्याचा कडू वास, फिनेलचा, डिझेलचा, आणि फळ्यांच्या फटीत अडकून राहिलेल्या शेवंतीचा वास यायचा. पत्र्यावरून खाली ठिबकणारं पाणी आधी गढूळ असायचं, मग स्वच्छ. शेवटी अक्का समोरच्या दोन्ही काचांना हळद लावायची. दाजी तोवर न्हाणीत असायचे, आणि न्हाणीतून बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज यायचा.

दुसऱ्या दिवशी तीच जीप बाजाराची माणसं भरून निघायची. कोंबड्या, भोपळे, हसणं, तंबाखू. मीही त्यात बसून जायची. पण बसताना पायांखालच्या पत्र्याला पूर्ण टेकायचे नाहीत, टाचा जराशा उचलून ठेवायच्या, ही माझी सवय. मी कुणाला सांगितली नव्हती.

मी बॅटरीची तार आधीच काढून ठेवली होती. आता बॉनेटच्या आतल्या बाजूचा जुना रेग्युलेटरचा डबा खोलला. नव्या आल्टरनेटरला त्याची गरज नसते. वीज कमी-जास्त होऊ न देण्याचं काम त्याच्या पोटातच होतं. डब्याच्या मागून निघालेल्या तारांचे रंग एकाच तपकिरी रंगात मिसळून गेले होते. प्रत्येक तार हातात धरून शेवटपर्यंत जायचं, तपासणीचा बारीक दिवा लावून बघायचं, मगच कापायचं. मध्ये मध्ये दाजींनी स्वतः दिलेले जोड होते. कापडी चिकटपट्टी गुंडाळलेले, वरून सुतळीने बांधलेले. एका जोडाला अक्काच्या कुठल्या तरी जुन्या लुगड्याची किनार होती.

दाजी शेडच्या दारात बाजेवर बसले होते. डोळे मिटलेले. झोपले होते की नाही, कळत नव्हतं.

अक्का चहा घेऊन आली. कप मडगार्डवर ठेवला आणि माझ्या कानाशी येऊन इतक्या हळू बोलली की तिचा श्वासच जास्त ऐकू आला.

“हे बघ, सगळं जोड. दिवा लागू दे, ह्यांना दाखव. पन गाडी चालू नको हुऊ देऊ.”

मी तिच्याकडे बघितलं.

“काय झालं अक्का?”

“दुपारचं हितं गाडीत येऊन बसत्यात. चाकापशी. मागं बघून बोलत्यात. ‘सरका की जरा, बाईमानसाला बसू द्या’ म्हनत्यात. मागं कोन न्हाई, आन् हे जागा करून देत्यात.” तिने पदर तोंडाला लावला. “नावं घेऊन बोलत्यात गं. समदी गेलेली मानसं. मागल्या आठवड्यात तर नव्या हायवेला जाऊन उभं ऱ्हायले, मधल्या भितीपशी. दोन्ही बाजूनं ट्रका. टपरीवरल्या पोरानं धरून आनलं. डोळ्याला समोरचा खांब दिसत न्हाई आता ह्यांच्या. गाडी चालू झाली तर हे जातीलच. थांबायचं न्हाईत.”

“फसवायचं त्यांना?”

“मग काय करू? तू सांग.”

ती रिकामी किटली घेऊन गेली. जाताना तिने बाजेवरच्या माणसाच्या पायावर गोधडी नीट केली आणि क्षणभर तिचा हात तिथेच राहिला.

मी नव्या आल्टरनेटरचं ब्रॅकेट बसवायला घेतलं. भोकं जुळत नव्हती. कानसायला लागले. लोखंडाचा कीस हातावर, गोणपाटावर, चहाच्या सायीवर पडत होता. बाहेर कुणीतरी हुरडा भाजत होतं. गोवऱ्यांच्या आराचा आणि कोवळ्या दाण्यांचा तो गोड, धुरकट वास शेडमध्ये शिरला आणि माझा हात थांबला.

त्या दिवशीही हाच वास होता.

आई नगरला सरकारी दवाखान्यात होती. काय झालं होतं, ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि पुढे मी विचारायचं टाळलं. अक्का तिच्याजवळ होती. मला मिरजगावात ठेवलं होतं, शेजारच्या कोंडाबाईच्या नजरेखाली. मी ओट्यावर बसून हुरडा खात होते. रस्त्यावर माझं लक्ष होतं. गेले कित्येक दिवस मी रस्त्याच्या टोकाकडेच बघत होते, आणि झळांमध्ये दोन ठिपके नाही दिसले की तेवढ्यापुरती आई बरी असायची. माझा हिशेब साधा होता.

जीप आली. दिवे नव्हते. उन्हात नुसती धूळ आणि धुळीत जीप. मी दोनदा बघितलं. काचा काळ्या होत्या, विझलेल्या. मी उठून पळत सुटले. हातातले दाणे सांडले. मी ओरडत होते, ‘आई बरी झाली, आई आली.’ कोंडाबाई मागून हाका मारत होती. गिरणी चालू होती. शिंप्याचं मशिन चालू होतं. हापशावर दोन बाया कशावरून तरी हसत होत्या.

जीप आमच्या गल्लीशी वळली. मंद व्हायला तिच्यात काही नव्हतंच.

दाजी खाली उतरले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझं डोकं धरून आपल्या खाकी सदऱ्यात दाबलं, इतकं घट्ट की मला श्वास घेता येईना. डिझेल, घाम, कापूर. त्यांच्या हाताखालून, सदऱ्याच्या कडेने, मला मागचं थोडंसं दिसलं. अक्का पत्र्यावर बसली होती. तिच्या मांडीवर आईचे पाय होते. पायांत जोडवी होती. अक्का ती जोडवी एका बोटाने फिरवत होती, सारखी, गोल गोल.

दाजी दिवे लावून मयत आणायचे. एकदाच त्यांनी बिनदिव्याची जीप आणली, का तर मला लांबून कळू नये. एवढं मला पुढे कळलं. पण त्या दिवसापासून माझं सगळं बिघडलं. आधी दिवे लावलेली जीप भीतीची होती आणि न लावलेली सुखाची. आता दोन्ही भीतीच्या झाल्या. रिकामी जीप बाजारातून येताना दिसली तरी मी घरात जाऊन उतरंडीमागे उभी राहायची, आणि गल्लीशी इंजिनाचा आवाज हळू व्हायची वाट बघायची.

“तार कंची जोडती?”

मी दचकले. दाजी माझ्या मागे उभे होते. बाजेवरून कधी उठले, कळलंच नाही.

“ही बारीक. लाल दिव्याची.” मी ती त्यांना दाखवली. “किल्ली फिरवली की दिवा लागेल. गाडी चालू झाली की विझेल. विझला म्हणजे चार्जिंग होतंय.”

“आन् ही जाड?”

“ही बॅटरीला जाईल.”

त्यांनी जाड तार हातात घेऊन तिचं वजन बघितलं. मान हलवली. मग, तार हातात तशीच ठेवून, म्हणाले,

“येळ आली की दिवे लागले पायजेत. तेवढ्यासाठी म्हनलं बसव.”

“कसली वेळ, दाजी?”

“माजी.” ते अगदी साधेपणाने म्हणाले, जसं बाजाराचं सांगावं. “लेक नगरवरनं दवाखान्याची पांढरी गाडी आनंल. ती नको. ह्या गाडीतनं आना. घोगरगाव सोडलं की दिवे लावा.” ते थांबले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, पाण्याच्या तळाशी हलावं तसं. “एकदाच बिनदिव्याचं आनलं मी. पोरगी पळत आली हुती. हसत आली हुती. तसं परत नको.”

त्या पोरीलाच आपण हे सांगतोय, हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मला सांगता येणार नाही. ते माझ्याकडेच बघत होते. पण हल्ली ते मागच्या रिकाम्या बाकाकडेही असंच बघतात.

मी तार त्यांच्या हातातून घेतली. टोकाचं रबर सोललं, तांबं चमकलं, त्यावर कडीचा लग दाबला, तो बोल्टवर बसवला. हात आपले आपण काम करत होते. इतक्या वर्षांची सवय. मग मी माझ्या पिशवीतून एक वस्तू काढली, जी मी नगरहून आणली होती पण वापरायची की नाही ते ठरवलं नव्हतं. बॅटरीची मुख्य तार तोडणारा स्विच. डाव्या सीटखाली, हत्यारांच्या डब्यामागे, हात घातल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी मी तो बसवला. सीटखालची चटई उचलली तर फळीच्या फटीत शेवंतीच्या वाळक्या पाकळ्या निघाल्या. बोट लावताच त्यांचा भुगा झाला.

दाजी बाहेर गेले तेव्हा मी अक्काला बोलावून दाखवलं.

“हा असा फिरवला की बॅटरी तुटली. मग किल्ली कितीही फिरवली तरी काही होणार नाही. त्यांना वाटेल बॅटरी उतरली. चालवायची असेल तेव्हा तू जोड. गाडी चालू असताना मात्र हात लावू नकोस.”

“म्हंजे खरंच जोडली तू?”

“खरीच जोडली.”

तिने बोटांनी स्विच चाचपला. “बरं केलंस,” म्हणाली. तोंडाने म्हणाली.

इंजिन गावातल्या मेकॅनिकने आधीच बघून ठेवलं होतं. दुपार कलायला लागली तेव्हा मी दाजींना म्हटलं, बसा. ते चाकाशी बसले. पाठ सरळ झाली. हात आपसूक जागेवर गेले. एक चाकावर, एक गिअरवर. त्यांनी किल्ली फिरवली. लाल दिवा लागला. इतक्या वर्षांनी तो लहानसा लाल ठिपका काळ्या पाटीवर उघडला. स्टार्टर कण्हला, पुन्हा कण्हला, आणि इंजिन सुरू झालं. पत्र्याचं शेड हादरायला लागलं. वळचणीतल्या चिमण्या उडून गेल्या. काळा धूर आमच्या अंगावरून बाहेर गेला.

लाल दिवा विझला.

“झालं,” मी ओरडून म्हटलं. “होतंय चार्जिंग.”

दाजींनी मान हलवली आणि दुसऱ्या हाताने दिव्यांचा खटका ओढला.

गल्लीपलीकडच्या भिंतीवर, उन्हातही, दोन मोठे उजेडाचे डाग पडले. शेडचं दार उघडंच होतं आणि जीपचं तोंड दाराकडे, त्यामुळे दोन्ही झोत गल्लीत गेले. दाजींनी पाय उचलला. इंजिन हळू झालं. मी त्या काचांकडे बघत होते. दिवे आता मंद होतील, तांबूस होतील, याची माझं सगळं अंग वाट बघत होतं. पण आल्टरनेटर हळू फिरतानाही दिव्यांना पुरतो. दिवे तसेच राहिले. पांढरे, कडक, न हलणारे.

“मंद हुईनात,” दाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात गोंधळ होता.

“आता होत नाहीत, दाजी. नवीन आहे ते.”

“मग कळायचं कसं, कुनाच्या दारात?”

तेवढ्यात समोरच्या घराचं दार उघडलं. कोंडाबाई बाहेर आली. आता ती पार वाकलीय, भिंतीला धरून चालते. तिने उजेडाकडे तोंड केलं. एक हात भिंतीला, दुसऱ्या हाताने पदर शोधत तिने तो डोक्यावर ओढला. तिच्या मागे अजून एका घराची कडी वाजली. कुठेतरी मोबाईलवर गाणं चालू होतं, ते बंद झालं.

“कोन गेलं गं?” कोंडाबाईने विचारलं.

अक्का दारात होती. इंजिन चालू होतं. दोन्ही झोत कोंडाबाईच्या पायांशी पडले होते.

दाजींनी खिडकीतून बाहेर वाकून बघितलं, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं.

“कोनी न्हाई,” ते म्हणाले. “अजून न्हाई.”

आणि त्यांनी दिवे बंद केले.

मी संध्याकाळच्या एसटीने निघाले. निघताना अक्काने हुरड्याची पुडी दिली, ती मी पिशवीच्या तळाशी टाकली. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. नवा रस्ता रुंद, सपाट, त्याला झाडं नाहीत. ज्या वळणांवर दाजी हॉर्न द्यायचे ती वळणंच राहिलेली नाहीत. बाजूच्या शेतांवरून उजेड ओसरत होता, ज्वारीची कणसं एका बाजूला कललेली, आणि मी हाताच्या बोटांना लागलेला काळा थर नखाने खरवडत मनात एकेक जोड तपासत होते. हे मी नेहमी करते. जाड तार, बारीक तार, अर्थिंगची तार, पट्ट्याचा ताण, स्विच. सगळं बरोबर होतं.

मग एकदम मी खरवडायची थांबले.

मी शिकवते तेच मी विसरले होते. डिझेल इंजिनाला चालायला वीज लागत नाही. वीज लागते ती फक्त स्टार्टर फिरवायला. बॅटरी तोडली म्हणून काय झालं? गाडी नुसती ढकलली, गिअर टाकला, तरी इंजिन सुरू होतं. आणि शेड कुठे आहे? घराच्या वरच्या अंगाला. तिथून गल्ली जी खाली उतरते ती थेट हायवेला मिळते. ढकलायलाही कुणी नको. हँडब्रेक सोडला की पुरे. उलट मी आज त्यांना इंजिनाचा आवाज ऐकवून आले होते. झोपलेलं काहीतरी मी स्वतःच्या हाताने उठवून आले होते, आणि त्याला बांधायला एक दोरी बांधून आले होते जी कुठेच बांधलेली नव्हती.

मी फोन लावला. रेंज येत होती, जात होती. तिसऱ्यांदा अक्काने उचलला.

“अक्का, दाजी कुठे आहेत?”

“हायेत की. आत्ताच जेवले. का गं?”

“जीपच्या चाकांना काही लावलंय का? दगड, वीट, काहीतरी? ती उतारावर आहे. स्विच बंद असला तरी नुसती सोडली तर चालू होईल. आत्ता जा. पुढच्या चाकांखाली मोठे दगड ठेव. मी थांबते फोनवर.”

तिने फोन ठेवला नाही. मला तिच्या चपला ऐकू आल्या, मग परड्यातला कोंबड्यांचा आवाज, शेडच्या पत्र्याच्या दाराचा किर्र आवाज. माझ्या शेजारचा माणूस डुलक्या घेत होता. लष्कराच्या हद्दीतली काटेरी तारांची कुंपणं खिडकीतून मागे पळत होती.

“अगं,” अक्काचा आवाज आला, बदललेला. “दगड हायेत.”

“कुठल्या चाकाखाली?”

“समद्या. चारी चाकांखाली, म्होरनं न् मागनं. मोठं हायेत गं. आडावरल्या पायरीचं. मला बी उचलत न्हाईत हे.”

“तू ठेवलेस?”

“मी कशाला ठेवू? मला कुटं ठावं ह्यातलं.”

“मग कधी ठेवले? आज मी होते तोवर नव्हते.”

तिचा श्वास ऐकू येत होता. मग चपला, परत घराकडे, सावकाश. तिने फोन खाली धरला असावा, कारण तिचा आवाज लांब गेला.

“आवं, ऐकलं का. धाकटीचा फोन हाय. गाडीच्या चाकाला दगड कुनी लावलं?”

बाज करकरली. खोकला आला. मला वाटलं, ते विसरले असतील, प्रश्नही आणि दगडही. मग दाजींचा आवाज आला, थकलेला, पण शांत, कामावरून घरी आलेल्या माणसासारखा.

“उतार हाय म्हनावं तिला.”